वस्तीत माळीकामाचा आणि रोपवाटिकेचा वर्ग चालवायचाय? आधी हा क्रम नीट लावा

पुण्यात वस्तीपातळीवरचे माळीकामाचे वर्ग फार वेळा मार्चमध्ये सुरू होतात. याला झाडांचं काही कारण नसतं, निधी ३१ मार्चच्या आत खर्ची टाकायचा असतो एवढंच. मग घाईघाईने पंधरा-वीस बायका गोळा होतात, समाजमंदिरात फळा लागतो, पहिले तीन आठवडे ‘फलोत्पादनाचे महत्त्व’ शिकवण्यात जातात आणि हात प्रत्यक्ष मातीत जातात तोवर एप्रिल उजाडतो. त्या उन्हात लावलेली काडी (रोपासाठी लावलेला फांदीचा तुकडा) वाळणारच. पण जिने आयुष्यात पहिल्यांदा काडी लावलेली असते तिला वाटतं, आपल्याच हाताला गुण नाही. आणि ती पुन्हा येत नाही.

माझ्या पहिल्या वर्गाचं असंच झालं. पत्र्याच्या शेडखाली जास्वंदीच्या चारशे काड्या लावल्या होत्या. दहाव्या दिवशी पिशव्यांमध्ये नुसती काळी टोकं उभी होती. शिकवण्यात मोठी चूक नव्हती, चुकला होता तो क्रम आणि महिना.

म्हणून खालचे टप्पे जून महिन्यापासून उलटे मोजून लावलेत. बचत गट असो, मंडळ असो की संस्था, वर्ग जूनच्या दुसऱ्या आठवड्यात सुरू करायचा आणि तयारीला जानेवारीत लागायचं. निधी मार्चमध्येच संपवायचा असेल तर तो शेडनेट (सावलीची जाळी), अवजारं आणि मातृवृक्षांवर, म्हणजे ज्यांच्या काड्या घ्यायच्या त्या झाडांवर, खर्च करा. शिकणारी माणसं मात्र पावसाआधी बसवू नका.

## टप्पा १. आधी काम शोधा (जानेवारी)

सगळ्यात जास्त टाळला जातो तो हा टप्पा. वर्ग संपल्यावर ‘आता काम मिळेल कुठे?’ असं विचारण्यापेक्षा वर्गाच्या पाच महिने आधी विचारा. उत्तर आलं की अभ्यासक्रम निम्मा आपोआप ठरतो.

वस्तीपासून पायी किंवा एका बसने जाता येईल एवढ्या अंतरातल्या पंचवीस-तीस सोसायट्या, दोन-तीन शाळा आणि जवळच्या रोपवाटिका यांची यादी करा. हडपसर-मांजरीकडे राहणाऱ्यांना सोलापूर रस्त्यावरच्या सोरतापवाडी, उरुळी कांचनच्या रोपवाटिका गाठता येतात. सिंहगड रस्ता किंवा कोथरूडच्या वस्तीतल्या बाईला तिथे रोज जाऊन-येऊन परवडत नाही. तिचं काम सोसायट्यांच्या बागेतच निघणार. दोघींना एकच अभ्यासक्रम लावणं ही मोठी चूक.

सोसायटीच्या सेक्रेटरींना भेटल्यावर ‘तुम्ही आमच्या बायकांना काम द्याल का?’ असं विचारू नका. ‘बघू’ असं उत्तर येतं आणि त्यातून काहीच कळत नाही. त्याऐवजी विचारा: झाडं आणि कुंड्या किती? पाणी बोअरचं, टँकरचं की महापालिकेचं? सध्या बाग कोण बघतं, आठवड्यातून किती वेळ? बागेबद्दल रहिवाशांची तक्रार काय? ओल्या कचऱ्याच्या खतखड्ड्याकडे कोण लक्ष देतं?

शेवटच्या दोन प्रश्नांत खरं काम दडलेलं असतं. तक्रारी बहुतेक ठिकाणी सारख्याच: माळी पाईपने पाणी मारतो आणि जातो, जास्वंदीवर पांढरी कीड, कुंडीतलं झाड चार वर्षांत बदललेलं नाही, लॉनमध्ये लव्हाळा. आणि मोठ्या सोसायट्यांना ओला कचरा आवारातच जिरवावा लागतो. तो खड्डा नीट चालवणारं माणूस मिळत नाही म्हणून कित्येक ठिकाणी त्याला वास सुटलेला असतो. वास येऊ न देता खत करून दाखवणाऱ्या बाईला काम मागत फिरावं लागत नाही.

सावधान: आधीपासून काम करणाऱ्या माळीदादांना भेटल्याशिवाय सोसायटीला शब्द देऊ नका. आपल्या वर्गामुळे कुणाचा रोज जाता कामा नये. बऱ्याचदा त्याच माळीदादांकडे सात-आठ सोसायट्या असतात आणि त्यांनाच हाताखाली माणूस हवं असतं.

तपासा: किमान आठ ठिकाणांहून ‘सप्टेंबरात दोन आठवडे सरावाला येऊ द्या’ याला लेखी होकार मिळाला का? मिळाला नसेल तर पुढचा टप्पा थांबवा.

## टप्पा २. जागा आणि पाणी (फेब्रुवारी)

दोन गुंठे, म्हणजे साधारण २,१७८ चौरस फूट जागा पंधरा जणांना पुरते. शाळेमागची मोकळी जागा, देवळाचं आवार, सोसायटीचा पडीक कोपरा, काहीही चालेल. पण परवानगी लेखी हवी आणि किमान दोन पावसाळ्यांची हवी. तोंडी परवानगीवर शेड उभारलं, पिशव्या भरल्या आणि ऐन ऑगस्टमध्ये ‘मंडपाला जागा लागते, उचला’ असा निरोप आला, हे मी स्वतः भोगलंय.

पाण्याचा हिशोब फेब्रुवारीतच घाला. तीन हजार पिशव्या आणि प्रत्येकीला २०० मिली धरलं तरी एका वेळचं ६०० लिटर पाणी लागतं. पावसाळ्यात ते लागणार नाही, पण पावसात खंड पडला की लागतं, आणि नेमकं तेव्हाच टँकर मिळत नाही. हजार लिटरची टाकी हवीच.

पाणी बोअरचं असेल तर माती-पाणी तपासणी प्रयोगशाळेत नमुना द्या. त्याआधी घरच्या घरी कळतं ते असं: काळ्या पाटीवर वाटीभर पाणी उन्हात वाळू द्या. पांढरा जाड थर राहिला तर पाण्यात क्षार जास्त आहेत. अशा पाण्यावर वाढलेल्या रोपांची कोवळी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. बाया त्याला रोग समजून औषध मारत बसतात. पावसाचं पत्र्यावरून येणारं पाणी टाकीत घ्या आणि बी रुजवायला, काड्या लावायला तेच वापरा.

पावसाळ्यात दुसरी अडचण उलटी असते. पिशव्या थेट काळ्या मातीवर ठेवल्या की खाली पाणी साचतं आणि मुळं कुजतात. जमीन थोडी उतरती करा, चार बोटं मुरूम पसरा आणि कडेने चर काढा. सावलीसाठी ५० टक्के ऊन अडवणारी हिरवी जाळी पुरते. काड्या रुजवायच्या कोपऱ्यावर ७५ टक्क्यांची बांधा. जाळीची उंची डोक्यावर दोन हात तरी हवी, नाहीतर खाली वारा खेळत नाही.

## टप्पा ३. मातृवृक्ष, माती, खत, अवजारं (मार्च ते मे)

काडी कुणाच्या झाडाची घेणार हे आधी ठरवा. वर्गाच्या दिवशी रस्त्यावरून तोडून आणलेल्या काड्यांवर शिकवलं तर जात कळत नाही, रोग कळत नाही, आणि विकताना ग्राहकाला काय सांगायचं तेही कळत नाही. जास्वंद, मोगरा, तगर, एक्झोरा, क्रोटन यांची प्रत्येकी चार-पाच निरोगी झाडं मार्चमध्येच मोठ्या कुंड्यांत लावून घ्या. पेरू, डाळिंब, आंब्याची मोठी झाडं कुठे आहेत ते हेरून मालकांची परवानगी घ्या. गणेशखिंडचं फळ संशोधन केंद्र आणि शिवाजीनगरचं कृषी महाविद्यालय शहरातच आहे. जातिवंत कलमांसाठी आणि शंका विचारायला तिथे आधी एकदा जाऊन या.

शेणखताबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण सगळ्यात जास्त रोपं इथे मरतात. कच्चं शेणखत पिशवीत गेलं तर ते मुळांशी तापतं. शिवाय त्यातून हुमणी (मुळं खाणारी अळी) येते. एका वर्षी आमची दीडशे रोपं ऑगस्टमध्ये एकाएकी माना टाकायला लागली. पिशवी फाडली तर आत इंग्रजी ‘सी’सारखी वळलेली पांढरी जाड अळी आणि मुळं साफ. खत एका गोठ्यातून ‘जुनं आहे’ या शब्दावर उचललं होतं. तेव्हापासून मी ढिगात कोपरापर्यंत हात घालते. आत गरम लागलं, शेणाचा वास आला किंवा गवताच्या काड्या तशाच दिसल्या तर खत घेत नाही. चांगलं कुजलेलं खत गार, भुसभुशीत आणि पावसानंतरच्या मातीच्या वासाचं असतं. मार्चमध्ये आणा, चाळून घ्या, ओलसर ठेवा, ट्रायकोडर्मा (उपयोगी बुरशी) मिसळा आणि गोणपाटाने झाका. जूनपर्यंत ते तयार होतं.

अवजारं मोजून घ्या. सिकेटर (छाटणीची कात्री) आणि कलमाचा चाकू प्रत्येकीला स्वतंत्र हवा. दोघींत एक चाकू दिला की एक करते आणि दुसरी बघत बसते. खुरपी, घमेली, झाऱ्या, चाळणी, ६ बाय ८ इंचाच्या काळ्या पिशव्या, ९८ खान्यांचे प्रोट्रे (बी रुजवायचे ट्रे), कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि कलमाची पट्टी मे महिन्यातच आणून ठेवा. जूनमध्ये सगळेच घ्यायला निघतात आणि भाव चढतो.

सावधान: चाकू हातात देण्याआधी प्रत्येकीने धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलेलं असलं पाहिजे. पिशव्यांच्या, कुंड्यांच्या ढिगाऱ्यात पावसाळ्यात घोणस येऊन बसते. ढीग हाताने उपसायचा नाही, आधी काठीने हलवायचा. जवळच्या कोणत्या सरकारी रुग्णालयात सर्पदंशावर उपचार होतात ते भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा.

## टप्पा ४. माणसं निवडणं (मे)

बारा ते पंधरा, त्याहून जास्त नको. चाकूचं काम चालू असताना एका शिक्षकाचं लक्ष सहा-सात हातांवरच राहू शकतं, त्यामुळे पंधरा जणांना दोन शिकवणारे लागतात.

फॉर्म भरून घेऊन निवड करू नका. प्रशिक्षण फुकट आहे आणि शेवटी प्रमाणपत्र मिळतं म्हटल्यावर चाळीस फॉर्म येतात. त्याऐवजी दोन दिवस सरळ कामाला बोलवा: माती चाळा, पिशव्या भरा. ऊन, वाकणं, नखांत जाणारी माती हे सगळं या दोन दिवसांत कळतं आणि ज्यांना नको आहे त्या आपणहून थांबतात. या दोन दिवसांचे पैसे मात्र द्या.

लिहिता-वाचता येण्याची अट घालू नका. आमच्याकडे वर्षानुवर्षं फुलबाजारासाठी गजरे करणाऱ्या एक मावशी आल्या होत्या. सहीसुद्धा अंगठ्याची, पण त्यांचं गुटी कलमाचं (झाडावरच फांदीला मुळं फोडायचं) बांधणं सगळ्या वर्गात घट्ट. सुतळीला अशी गाठ मारायच्या की शिकवणाऱ्यांनीही ती उचलली.

पैशाचं उघड बोलायला हवं. वर्गाला येणं म्हणजे कुणाचा तरी खाडा. दिवसाचा रोज बुडत असेल तर दुसऱ्या महिन्यात हजेरी गळणारच. पूर्ण रोज देता आला नाही तरी बसभाडं आणि काही विद्यावेतन दर आठवड्याला हातात पडलं पाहिजे. शेवटी एकदम देऊ म्हटलं तर ज्यांना खरी गरज आहे त्याच आधी गळतात.

## टप्पा ५. वेळापत्रक वस्तीच्या घड्याळावर बसवा

सकाळी दहा ते एक ही वेळ शिक्षकांच्या सोयीची. धुणीभांडी, स्वयंपाकाची कामं करणाऱ्या बायका दोनच्या सुमारास मोकळ्या होतात आणि साडेचारला मुलं शाळेतून येतात. वस्तीत पाणी किती वाजता येतं हेही विचारा. पाण्याच्या वेळेत वर्ग ठेवला तर निम्म्या येणार नाहीत, आणि त्यात त्यांचा दोष नाही. आमचं गणित बसलं ते दुपारी दोन ते साडेचार, आठवड्याचे चार दिवस, सोळा आठवडे असं.

पालख्या पुण्यात मुक्कामाला असतात ते दोन दिवस, गौरी-गणपतीचे दिवस आणि सर्वपित्री अमावास्या आधीच सुट्टी म्हणून लिहून टाका. सुट्टीत पाणी कोण देणार याची पाळीही तेव्हाच लावा. गौरींच्या तीन दिवसांत पावसाने उघडीप दिली तर प्रोट्रेमधली रोपं संपतात.

## टप्पा ६. पहिले तीन आठवडे: माती, पिशवी, पाणी

इथे घाई करू नका. कलम शिकायला सगळ्यांनाच आवडतं, पण रोपवाटिकेत काय किंवा सोसायटीत काय, दिवसातलं सगळ्यात जास्त काम पाणी देण्याचंच असतं आणि तेच नीट येत नाही.

मिश्रण घमेल्याने मोजा. लाल माती असेल तर दोन घमेली माती, एक खत, एक वाळू. काळी, चिकट माती असेल तर तिन्ही सारखं. मग मूठ परीक्षा: ओलसर मिश्रण मुठीत आवळायचं. लाडू झाला आणि बोटाने टोचल्यावर फुटला की मिश्रण जमलं. लाडू होतच नसेल तर वाळू जास्त, आणि बोट रुतून राहिलं तर माती जास्त. ‘मावशी, आवळून बघा आणि मला सांगा’ एवढंच म्हणायचं, उत्तर त्यांनी द्यायचं.

पिशवी भरताना खालचे दोन कोपरे आत दुमडा, म्हणजे ती उभी राहते. थोडं भरा, आपटा, पुन्हा भरा. काठाखाली एक बोट जागा सोडा, नाहीतर पाणी बाहेर सांडतं. छिद्रं पडलेली आहेत ना ते बघा, कधी कधी अख्ख्या बंडलात नसतात.

आता पाणी. पहिल्या आठवड्यात मी हा प्रयोग न चुकता करते. प्रत्येकीने दहा पिशव्यांना तिला योग्य वाटेल तेवढं पाणी द्यायचं. पाच मिनिटांनी त्यातल्या तीन पिशव्या ब्लेडने उभ्या चिरायच्या. वरचा दोन बोटांचा थर काळाभोर ओला आणि खालची माती फिकट, कोरडी ठणठणीत! बघणारीचा चेहरा बदलतो. ‘एवढं दिलं तरी?’ मग झारी हळू धरायची, एकदा देऊन थांबायचं, पुन्हा द्यायचं आणि खालच्या छिद्रातून थेंब आला की पुढे सरकायचं, हे दहा वेळा सांगावं लागत नाही.

दुसऱ्या दिवशी उलटं शिकवा: पिशवी उचलून वजनावरून ठरवायचं. जड लागली तर आज पाणी नाही. पावसाळ्यात रोपं तहानेपेक्षा जास्त पाण्यानेच मरतात.

तपासा: तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी प्रत्येकीला डोळे मिटून पाच पिशव्या उचलायला द्या. कोणत्या दोनला पाणी हवंय हे तिला सांगता यायला हवं.

## टप्पा ७. बी, काडी, कलम (जूनअखेर ते ऑगस्ट)

प्रोट्रेमधलं बी. कोकोपीट भिजवून दोनदा धुऊन घ्या, त्यात क्षार असतात. प्रत्येक खान्यात एक बी. जेवढं बी जाड तेवढीच त्यावर माती. रोपं बुडाशी बारीक होऊन आडवी पडायला लागली तर ती मर आहे. पाणी कमी करा, हवा खेळू द्या आणि तो ट्रे वेगळा काढा.

झेंडू यात जरूर घ्या. दसऱ्याच्या तारखेपासून तीन महिने मागे मोजा आणि त्या दिवशी बी पेरा. चार आठवड्यांत रोप लावणीला येतं आणि लावल्यापासून साधारण दोन महिन्यांत फूल धरतं. फुलं लागलेल्या कुंड्या दसऱ्याच्या आदल्या दिवशी वस्तीतच विकल्या जातात. वर्गातून मिळालेला तो पहिला पैसा असतो.

काडी (छाट कलम). पेन्सिलीएवढी जाड, वीतभर लांब, तीन-चार डोळ्यांची (डोळा म्हणजे कोंब फुटायची जागा). खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली आणि तिरका, वरचा डोळ्याच्या थोडा वर आणि सरळ. काप वेगवेगळे ठेवले म्हणजे वरची बाजू कुठली ते चुकत नाही. उलटी लावलेली काडी हे नवख्यांच्या वर्गात अगदी नेहमीचं. वरची दोन पानं अर्धी कापून ठेवा, बाकीची काढा. काडी तोडली की ओल्या गोणपाटात गुंडाळा आणि त्याच दुपारी लावा.

प्रत्येकीला नंबर द्या. प्लास्टिकच्या पट्टीवर ज्याचा त्याचा नंबर किंवा रंग. सहा आठवड्यांनी कुणाच्या किती जगल्या ते दिसतं आणि न जगलेल्यांचं कारण शोधता येतं. नंबराशिवाय सगळ्या रोपांची खिचडी होते आणि शिकणं तिथेच थांबतं.

गुटी. पेरू आणि डाळिंबावर जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात बांधा. वर्षभराची, पेन्सिलीएवढी फांदी निवडून अंगठ्याच्या एका पेराएवढी, म्हणजे अडीच-तीन सेंटिमीटर साल गोल काढायची. इथे थांबून बोटाने चाचपा. लाकूड बुळबुळीत लागलं तर तो थर चाकूच्या पाठीने खरवडून काढायचाच. तो राहिला की साल पुन्हा जुळते आणि मुळं येत नाहीत. दोन महिन्यांनी गुटी सोडल्यावर आत काहीच नाही, याचं कारण बहुतेक वेळा हेच. मग भिजवून घट्ट पिळलेलं शेवाळ मूठभर लावायचं, पारदर्शक प्लास्टिक गुंडाळायचं आणि दोन्ही टोकं आवळायची. वरच्या टोकातून पावसाचं पाणी आत गेलं तर शेवाळ कुजतं. दीड-दोन महिन्यांत प्लास्टिकमधून पांढरी मुळं दिसतात. ती किंचित तपकिरी झाली की फांदी एकदम तोडू नका. गाठीखाली आधी अर्धा काप घ्या आणि आठ-दहा दिवसांनी पूर्ण कापा.

आंब्याचं कोय कलम. कोयीतून उगवलेल्या कोवळ्या रोपाच्या खाचेत चांगल्या जातीच्या काडीची पाचर बसवायची. हे जमलं की शिकणारीची मान ताठ होते, पण त्याआधी शंभर कोरडे काप हवेत. सुबाभळीच्या किंवा पेरूच्या छाटलेल्या काड्यांवर पाचर आणि खाच करत राहा. चाकू एकाच ओढीत फिरला पाहिजे. खरडून केलेला काप लाटेसारखा होतो. पाचर खाचेत बसवून आभाळाकडे धरा. फटीतून उजेड दिसला तर परत करा. ही चाचणी प्रत्येकजण आपली आपण घेऊ शकते, शिक्षकांकडे धावावं लागत नाही.

कोयी आमरस करणाऱ्यांकडून जूनमध्ये मिळवा, त्याही रायवळ आंब्याच्या. कोय ठेवली की तिची उगवण झपाट्याने कमी होते, म्हणून आठवड्याच्या आत पेरा. रोप आठ-पंधरा दिवसांचं, पानं तांबूस असतानाच कलम करायचं. कलमकाडी तेवढ्याच जाडीची, डोळा फुगलेला, तीन-चार महिन्यांची. तिची पानं आठ-दहा दिवस आधी झाडावरच देठ ठेवून कापून ठेवा. हा दिवस कॅलेंडरवर लिहिला नाही तर हमखास विसरतो आणि कलमाच्या दिवशी डोळा झोपलेला असतो.

सावधान: पहिल्या खेपेला कोय कलमं थोडीच जगतात. हे कलम करण्याआधीच सांगा, नंतर नको.

## टप्पा ८. सोसायटीच्या बागेत (सप्टेंबर)

जानेवारीत होकार दिलेल्या ठिकाणी दोघी-दोघी पाठवा. इथे तीन गोष्टी पक्क्या करून घ्या.

छाटणी: सोसायटीतला माणूस ‘ती मोठी फांदीही उडवा’ म्हणतो आणि बाई भिडेपोटी उडवते. झुडपं, कुंपण, कुंड्या छाटायला हरकत नाही. पण शहरी भागातल्या वृक्षांना १९७५ चा महाराष्ट्र वृक्ष संरक्षण कायदा लागू आहे. झाड तोडायला किंवा त्याला इजा होईल असं काही करायला वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. ‘परवानगीचा कागद दाखवा, मग हात लावते’ हे वाक्य वर्गात मोठ्याने म्हणायचा सराव करून घ्या. खरंच घ्या, कारण सेक्रेटरींसमोर ते तोंडातून निघत नाही.

औषध: डब्यावरचा रंगीत त्रिकोण ओळखायला शिकवा. लाल सगळ्यात विषारी, मग पिवळा, निळा, आणि हिरवा सगळ्यात सौम्य. वाचता न येणाऱ्या बाईचं रक्षण हा त्रिकोण करतो. लाल-पिवळ्याला राहत्या इमारतीत हात लावायचा नाही, मालकाने आणून दिला तरी. जास्वंदीवरच्या पिठ्या ढेकणाला आधी पाण्याचा जोराचा फवारा, मग जुन्या टूथब्रशने साबणाचं पाणी, मग ५ टक्के निंबोळी अर्क. मुंग्यांची वाट तोडली नाही तर कीड परत येते, कारण मुंग्याच तिला फांद्या-फांद्यांवर नेतात.

कामाची बोली: किती कुंड्या, आठवड्यातून किती वेळा, खत-माती कुणाची, पैसे कोणत्या तारखेला. एका कागदावर लिहा आणि दोघांच्या सह्या घ्या. हे न केल्याने बागेच्या कामाला गेलेल्या बाईकडून जिनेही झाडून घेतलेले मी पाहिलेत.

## टप्पा ९. परीक्षा, विक्री आणि पुढचे महिने

लेखी परीक्षा घेऊ नका. तीन गोष्टी बघा: नंबराच्या पट्टीवरून तिच्या किती काड्या रुजल्या, आजारी कुंडी समोर ठेवल्यावर ती आधी माती चाचपते की थेट औषध मागते, आणि कुंडीतून झाड काढून गोल फिरलेली मुळं सोडवून ते मातीचा गोळा न फोडता परत लावते का.

रोपं विकणार असाल तर एक फरक लक्षात ठेवा. फळझाडांची कलमं विकायला महाराष्ट्रात १९६९ च्या फळरोपवाटिका कायद्याखाली परवाना लागतो. आंबा, पेरूची सरावातली कलमं थेट विकायला काढू नका. आधी कृषी खात्याकडे चौकशी करा. वर्गाची कमाई झेंडू, तुळस, मोगरा, जास्वंद यांतून करा. तुळशीला श्रावणात आणि तुळशीच्या लग्नाच्या आधी मागणी असते, तिची रोपं जूनमध्येच टाका.

सप्टेंबरअखेर वर्ग संपला की शेड उतरवू नका. ऑक्टोबर ते डिसेंबर दर महिन्याच्या एका दुपारी सगळ्यांना बोलवा. कामाचे पैसे वेळेवर येतात का, कुठल्या झाडावर काय पडलंय हे त्या दुपारी निघतं. गुलाबाचे डोळे (चांगल्या जातीचा डोळा दुसऱ्या रोपाच्या सालीत बसवणं) हिवाळ्यात भरतात, ते डिसेंबरात दोन दिवसांत शिकवून घ्या. जूनच्या वर्गात ते घुसवले तर बसत नाहीत. जानेवारीत एम्प्रेस गार्डनमध्ये फुलांचं प्रदर्शन भरतं. तिथे सगळ्यांना न्या, आणि नुसतं बघायला नको. प्रत्येकीने तीन कुंड्या निवडून त्या कशा वाढवल्या असतील ते सांगायचं.

त्याच जानेवारीत पुढच्या तुकडीसाठी सोसायट्यांची पाहणी सुरू होईल. या वेळी टप्पा १ मधले प्रश्न देऊन मागच्या वर्षीच्या दोघींना पाठवा, दिवसाचा रोज देऊन. कुंडीत बोट घालून त्या सेक्रेटरींशी बोलायला लागल्या की टप्पा १ मधला लेखी होकार लवकर मिळतो.